हिंदकळणाऱ्या पाण्याचे गणित

परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत चालत गेलेल्या कोणालाही या विषयाची निम्मी ओळख आधीच झालेली असते. परात कितीही जपून धरा, दोन-चार पावलांत पाणी या काठाकडून त्या काठाकडे झुलू लागते आणि अंगण येईपर्यंत हात भिजतात. तेवढेच पाणी तांब्यात घेतले तर ते निमूटपणे बरोबर येते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण माणसांना लावतो. पण ती पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाली त्याने पाण्याकडे नीट पाहिले होते. भूकंपात जमिनीवरच्या टाकीचे काय होते, याचा अभ्यास गेली नव्वद वर्षे चालू आहे. त्या अभ्यासाच्या मुळाशी परात आणि तांब्या यांच्यातला हाच फरक आहे.

जमिनीवरची टाकी म्हणजे नेमकी कोणती? गावच्या नळयोजनेत टेकडीवर बांधलेला जीएसआर (ग्राउंड सर्व्हिस रिझर्व्हॉयर), जलशुद्धीकरण केंद्रातली साठवण, माहूलच्या बाजूला रिफायनऱ्यांत दिसणाऱ्या गोल पोलादी टाक्या, तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या टाक्या, नाशिककडच्या वायनऱ्यांमधले चकचकीत स्टेनलेस स्टीलचे उभे पिंप, हे सगळे याच कुळातले. ज्याला आपण जलकुंभ म्हणतो, तो खांबांवर उभा असतो. त्याच्याकडे पाहताच भीती वाटते, म्हणून त्याच्या भूकंपसुरक्षेचा विचार आपल्याकडे आधी झाला. जमिनीवरची टाकी बैठी असते. ती पडून पडून पडणार कुठे, असे अनुभवी माणसेही म्हणताना मी ऐकली आहेत. ही समजूत दूर व्हावी, हा या प्रस्तावनेचा पहिला हेतू आहे.

एक उदाहरण घेऊ. टाकीचा व्यास २० मीटर, आत पाण्याची खोली १० मीटर. म्हणजे सुमारे ३१ लाख लिटर पाणी, वजन ३,१०० टनांहून थोडे अधिक. जमीन एकदम आडवी हलली की टाकीची भिंत जमिनीबरोबर सरकते आणि पाण्याला ढकलते. तळाजवळच्या पाण्याला पळायला जागा नसते. ते भिंतीला जखडल्यासारखे तिच्याबरोबर जाते. वरच्या थराला मात्र मोकळा पृष्ठभाग मिळालेला असतो. तो मागे रेंगाळतो, मग उलटा येतो आणि आपल्या लयीत झुलत राहतो. अशा रीतीने एकाच टाकीत दोन स्वभावांची पाणी तयार होतात. आपल्या उदाहरणात भिंतीबरोबर जाणारा भाग सुमारे ५४ टक्के आणि झुलणारा भाग सुमारे ४४ टक्के भरतो. बेरीज शंभर का नाही, असे चौकस विद्यार्थी विचारतील. ही सूत्रे अंदाजी गृहीतकांवर उभी आहेत, एवढेच त्याचे उत्तर. खोली व्यासाच्या एक पंचमांश इतकीच ठेवली, म्हणजे टाकी परातीसारखी केली, तर झुलणारा भाग ७० टक्क्यांच्या वर जातो. खोली व्यासाच्या दीडपट केली, म्हणजे तांब्याकडे नेली, तर तो १५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणीतला खळखळाट असा मोजता येतो.

ही फोड सोप्या सूत्रांत बसवून अभियंत्यांच्या हाती देण्याचे काम जॉर्ज हाउसनर यांनी केले. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतले हे प्राध्यापक भूकंप अभियांत्रिकीचे जनक मानले जातात. त्यांच्याआधी वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये धरणाच्या भिंतीवर भूकंपात येणाऱ्या पाण्याच्या दाबाचा विचार मांडला होता, आणि १९३४ मध्ये हॉस्किन्स व जेकबसन यांनी स्टॅनफर्डला पाण्याची टाकी हलवून प्रत्यक्ष दाब मोजले होते. हाउसनर यांचा निबंध १९५७ चा. त्यांनी पाण्याच्या अवघड समीकरणांना वळसा घालून एक चित्र उभे केले. टाकीच्या भिंतीला एक वजन घट्ट जोडलेले आहे, आणि दुसरे वजन दोन्ही बाजूंनी मऊ स्प्रिंगांनी अडकवलेले आहे. पहिले भिंतीबरोबर हलते, दुसरे झुलते. इतक्या साध्या चित्रातून इतके खरे उत्तर निघते, याचे मला तीस वर्षे शिकवूनही अप्रूप आहे.

इंग्रजी ग्रंथांत या दोन वजनांना इम्पल्सिव्ह आणि कन्व्हेक्टिव्ह म्हणतात. दुसरा शब्द आपल्या विद्यार्थ्यांची दिशाभूल करतो, कारण शाळेत तो उष्णतेच्या धड्यात येतो आणि इथे उष्णतेचा काहीच संबंध नाही. मराठीकडे त्यासाठी फार नेमका शब्द आहे: हिंदकळणे. काठोकाठ भरलेली घागर हिंदकळते, पाणी जागेवर राहूनही काठावरून उसळते, हे सगळे त्या एका क्रियापदात येते. म्हणून पुढच्या पानांत मी सहचारी पाणी आणि हिंदकळते पाणी असेच शब्द वापरले आहेत. परीक्षेत इंग्रजी संज्ञा लिहाव्या लागतील, त्या लिहाव्यात. विचार करताना मात्र हिंदकळणे हाच शब्द मनात असू द्यावा.

या दोन पाण्यांचे आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, एकमेकांपासून फार दूर असतात. सहचारी पाणी आणि भिंत मिळून सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात एक थरथर पुरी करतात. आपल्या उदाहरणातले हिंदकळते पाणी एका झोक्याला ४.८ सेकंद घेते. घरातली बादली घेतली, ३० सेंटिमीटर व्यासाची आणि २५ सेंटिमीटर पाण्याची, तर हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर येतो. आपले पाऊलही चालताना साधारण तेवढ्याच वेळात पडते. बादली नेताना पाणी सांडण्याचे कारण हेच. चाल थोडी बदलली की सांडणे कमी होते, हे पाणी भरणाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. ८० मीटर व्यासाच्या, २० मीटर खोल तेलाच्या टाकीत एक झोका जवळजवळ ११ सेकंदांचा असतो.

भूकंपाचा मुख्य जोर सहसा जलद थरथरीत असतो. म्हणून सहचारी पाण्यावर मोठा जोर येतो आणि संथ झुलणाऱ्या पाण्यावर त्याच्या मानाने थोडा, ठोकताळ्याने पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. पण संथ पाण्याची उसळी उंच असते. हिंदकळत्या भागाला गुरुत्वीय त्वरणाच्या दहाव्या हिश्श्याइतके त्वरण मिळाले, तरी आपल्या २० मीटरच्या टाकीत लाट काठाशी जवळपास १ मीटर चढते. आपल्याकडे पाण्याच्या वर मोकळी जागा, ज्याला फ्रीबोर्ड म्हणतात, पुष्कळदा अर्धा-एक फूटच ठेवलेली असते. मग लाट छपराला खालून धडकते. शिवाय हे झुलणे लवकर थांबत नाही. पाण्याचे अवमंदन, म्हणजे झुलणे विरत जाण्याचे प्रमाण, अवघे अर्धा टक्का धरतात. त्या हिशेबाने उसळी निम्मी व्हायला २२ झोके लागतात. आपल्या टाकीत त्याला पावणेदोन मिनिटे लागतील, ८० मीटरच्या टाकीत चार मिनिटे. जमीन शांत झालेली असते, माणसे बाहेर येऊन उभी असतात, आणि टाकीच्या आत भूकंप चालूच असतो.

सगळे पाणी एकच वजन मानून हिशेब करायची पद्धत पूर्वी रूढ होती. तसे केल्याने जोर जास्तच धरला जातो, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते, असे तिचे समर्थन करतात. ते मला अपुरे वाटते. त्या हिशेबात लाटच नसते. छपराला बसणारा तडाखा, काठावरून सांडणारे रसायन, तेलावरच तरंगत ठेवलेल्या छपराची घसरण यांतले काहीही त्या एका वजनातून दिसत नाही.

या विषयाला खरी जाग आली १९६४ मध्ये. २७ मार्चला अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सेवर्ड, व्हाल्डीझ, व्हिटियर या बंदरांत तेलाच्या टाक्या फुटून आगी लागल्या. जून महिन्याच्या १६ तारखेला जपानमध्ये निइगाता हादरले. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तेल हिंदकळले, पेटले आणि आग सुमारे दोन आठवडे जळत राहिली. अलास्कात पाहणी करणाऱ्यांना एक विचित्र खूण वारंवार दिसली. भरलेल्या पोलादी टाक्यांची भिंत तळाच्या किंचित वर बाहेरच्या बाजूला फुगून तिला गोल वळी पडली होती, जणू हत्तीचे पाऊल. रिकाम्या टाक्या बहुतेक धडधाकट होत्या. तेव्हापासून या बिघाडाला हत्तीपाय हेच नाव पडले आहे.

हत्तीपाय कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण टाकीची सगळी नाजूकता त्यात दिसते. आपली २० मीटरची टाकी पोलादाची असेल तर तळाजवळची शेल प्लेट ७-८ मिलिमीटर जाडीची असते. त्रिज्या १० मीटर आणि जाडी ८ मिलिमीटर, म्हणजे १,२५० ला १ असे प्रमाण. कोंबडीच्या अंड्यात हे प्रमाण साठ-पासष्टला एक असते. आकाराच्या मानाने पाहिले तर टाकीचे कवच अंड्याच्या टरफलाहून वीसपट पातळ आहे. रोजच्या वापरात ते चालते, कारण पाणी भिंतीला बाहेर ढकलते आणि पोलाद तो वलयताण आनंदाने पेलते. भूकंपात त्यावर दोन गोष्टी एकदम येतात. पाण्याचा दाब वाढून वलयताण पोलादाच्या सहनशक्तीच्या जवळ पोचतो. त्याच क्षणी टाकी एका बाजूला कलू पाहते आणि त्या बाजूच्या भिंतीवर उभा दाब पडतो. ताणून थकलेला पत्रा उभ्या दाबाखाली सरळ राहू शकत नाही. अगदी तळाशी बॉटम प्लेटने त्याला धरलेले असते, म्हणून तो तिथून थोडा वर बाहेर येतो. कॅलिफोर्नियात १९८० साली लिव्हरमोर परिसरात झालेल्या भूकंपात वाइनच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांनाही वळ्या पडल्या, आणि तिथेही भरलेल्या टाक्याच सापडल्या. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात काम करणाऱ्या अभियंत्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

अलास्काने हाउसनर यांच्या चित्रातली एक उणीवही उघड केली. त्यांनी भिंत ताठ धरली होती. काँक्रीटच्या जाड भिंतीसाठी ते चालते, पण पातळ पोलादी भिंत स्वतः लवते, आणि ती लवत असल्यामुळे सहचारी पाण्याचा जोर जमिनीच्या हालचालीपेक्षाही वाढतो. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत वेलेत्सोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच हारून यांनी हाउसनर यांच्याबरोबर, लवचीक भिंतीचे गणित मांडले. तेलउद्योगात जगभर वापरल्या जाणाऱ्या एपीआय ६५० या मानकात भूकंपाचे परिशिष्ट आले ते वोझनियाक आणि मिचेल यांच्या १९७८ च्या कामावर बेतून. पुढे २००० मध्ये मल्होत्रा, वेंक आणि व्हीलंड यांनी हा सगळा पसारा एका छोट्या तक्त्यात आणि काही सूत्रांत आणला. या विषयात नव्याने येणाऱ्याने मूळ निबंध वाचायचेच ठरवले, तर पहिला हाउसनर यांचा आणि दुसरा हा वाचावा, मधले सावकाश.

आणखी एका गोष्टीकडे पुस्तकी हिशेब करताना दुर्लक्ष होते. पुष्कळ टाक्या अँकर बोल्टने पायाला बांधलेल्या नसतात, नुसत्या टेकलेल्या असतात. जोराच्या हादऱ्यात त्यांची एक कड उचलली जाते आणि पुन्हा आपटते. वीतभर उचल झाल्याच्या नोंदी आहेत. उचल झाली म्हणजे टाकी गेली असे नाही. उलट त्या हालचालीत काही जोर खर्चही होतो. पण तळाच्या नोझलला ताठ जोडलेला लोखंडी पाइप त्या कडेबरोबर वर जाऊ शकत नाही. तो तुटतो, किंवा भिंतीतून नोझलच उपटून काढतो. भिंत, पाया, छप्पर सगळे सुखरूप आणि टाकी मात्र तासाभरात रिकामी, असे होण्याचे हे ठरलेले कारण आहे. लवचीक जोडाचा खर्च टाकीच्या खर्चापुढे नगण्य असतो.

संथ लाटांचा धोका जगाला पुन्हा नीट शिकवला तो २००३ च्या जपानी भूकंपाने. २६ सप्टेंबरला होक्काइदो बेटाजवळ, तोकाचीच्या किनाऱ्यापुढे समुद्रात मोठा भूकंप झाला. तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर तोमाकोमाई शहरात एक तेलशुद्धीकरण कारखाना आहे. हे शहर खोल गाळाच्या मैदानावर वसलेले आहे. त्या गाळाने जलद थरथर मागे ठेवून काही सेकंदांच्या संथ लाटा वाढवल्या. घरांना अशा लाटांची फारशी झळ लागत नाही. मोठ्या टाक्यांतल्या तेलाची लय मात्र नेमकी तीच होती. तरंगती छपरे हेलकावे खाऊन मोडली. कच्च्या तेलाची एक टाकी त्याच दिवशी पेटली. दुसऱ्या एका टाकीचे छप्पर बुडून नाफ्था उघडा पडला आणि दोन दिवसांनी ती टाकी पेटली. आपल्या गावापासून भूकंप दूर झाला म्हणून टाकीबद्दल निश्चिंत राहता येत नाही, हे तिथे सिद्ध झाले.

टाकी टिकण्याला इमारत टिकण्याहून वेगळे मोल आहे. इमारत तडे जाऊनही माणसांना जगू देते, म्हणून तिच्या आराखड्यात थोडी पडझड गृहीत धरून जोर कमी करण्याची सवलत मिळते. टाकीला तेवढी सवलत देत नाहीत, कारण तिच्याकडे तेवढी लवचीकता नसते, आणि तडा गेलेली टाकी म्हणजे रिकामी टाकी. सान फ्रान्सिस्कोत १९०६ मध्ये भूकंपापेक्षा आगीने जास्त शहर उद्ध्वस्त केले, कारण जलवाहिन्या तुटल्या होत्या. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर इझमितजवळच्या तुप्राश रिफायनरीत नाफ्थ्याच्या टाक्या पेटल्या. त्याच वेळी सापांजा सरोवराकडून येणारी पाण्याची वाहिनीही तुटली होती. आग विझवायला पाणीच नव्हते, विमाने बोलवावी लागली. म्हणून कारखान्यातली अग्निशमनाची पाणीटाकी तेलाच्या टाकीपेक्षाही आधी तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या देशातली वाट लांब झाली. भूकंपविरोधी आराखड्याचे भारतीय मानक, आय.एस. १८९३, पहिल्यांदा १९६२ मध्ये आले. त्याच्या १९८४ च्या आवृत्तीत खांबांवरच्या जलकुंभाचा विचार होता, तोही सगळे पाणी एकच वजन मानून; जमिनीवरच्या टाकीसाठी तरतूद नव्हती. २००२ मध्ये मानकाचे भाग पाडले गेले आणि इमारतींसाठी नवे नियम आले, पण टाक्यांचा भाग यायला २०१४ उजाडले. मधला दुवा होती आयआयटी कानपूर आणि गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांची २००७ ची मार्गदर्शिका, २००१ च्या भूजच्या भूकंपानंतरच्या कामातून तयार झालेली. ती सुधीर जैन आणि ओ. आर. जयस्वाल यांनी लिहिली, आणि जयस्वाल हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतले. देशातल्या टाक्यांच्या मानकाला आकार देणाऱ्या या कामाचा एक हात विदर्भातला आहे, हे मराठी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. ही मार्गदर्शिका सोडवलेल्या उदाहरणांसह आहे आणि आजही शिकायला तिच्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही.

महाराष्ट्राला भूकंप परका नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी उद्ध्वस्त झाली, आणि ती तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका लोकांनी सोसली. आणि गेल्या काही वर्षांत गावोगाव नळयोजनांसाठी टाक्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या कितींचा हिशेब दोन पाण्यांनी झाला, किती नोझलांना लवचीक जोड आहे, किती जणांनी फ्रीबोर्ड लाटेवरून ठरवला, हे प्रत्येक तालुक्याच्या अभियंत्याने स्वतः तपासावे. त्यासाठी संगणकाची मोठी प्रणाली लागत नाही. गोल टाकीचा पहिला हिशेब एका कागदावर अर्ध्या तासात होतो, आणि तो हाताने केल्याशिवाय प्रणालीने दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

या विषयात येणाऱ्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे गणित, द्रवस्थैतिकीची उजळणी आणि एका वजनाच्या कंपनाचे समीकरण एवढी शिदोरी पुरते. बाकीचे पुढे क्रमाने येईल. एक विनंती मात्र आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या गावातल्या किंवा कारखान्यातल्या जमिनीवरच्या एका टाकीपाशी परवानगी घेऊन जा. तिचा व्यास, भरल्यावरची पाण्याची खोली, पाण्यापासून छपरापर्यंतचे अंतर आणि तळाचा पाइप कसा जोडला आहे, एवढे चार तपशील वहीत उतरवून आणा. पुढची सगळी उदाहरणे माझ्या आकड्यांनी एकदा सोडवा आणि त्याच टाकीच्या आकड्यांनी दुसऱ्यांदा.